अंधारात आधी नाव

"हात मात्र बांधावे लागतील," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी आपली दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून दाखवली.

वाक्य माझ्यासाठी होतं. ते आईला कसं सांगायचं, आत्ताच सांगायचं की घरी गेल्यावर, याचा विचार करायला मला थोडी उसंत हवी होती. ती मिळाली नाही. आईला ऐकू येत नाही. तोवर डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते तिला माझ्या हातांवरून कळत होतं. पण मनगटांची ती खूण कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. डॉक्टरांना तिच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं आणि नेमकं तेच ते बोलून बसले. आई उठली, पर्स काखेला लावली आणि सरळ बाहेर निघून गेली.

काय झालं त्यांना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही बोललात ते कळलं. माझा आवाज चढला असणार, कारण दारातल्या सिस्टरने वळून पाहिलं. मी मुळातच तापट आहे, आणि दवाखान्यात जरा जास्तच.

आईला एकच डोळा आहे. उजवा लहानपणी विटी लागून गेला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि तो चांगला पिकेपर्यंत तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. आता ऑपरेशनला पर्याय नव्हता. ऐकू येणाऱ्या माणसाचा डोळा गेला तर त्याची दृष्टी जाते. आईचा हा डोळा गेला असता तर जगाचं तिच्याशी बोलणंच बंद झालं असतं. ती हातांनी बोलत राहिली असती, पण समोरचा काय म्हणतो ते तिला कधीच कळलं नसतं. ही भीती मला रात्रंदिवस खात होती.

मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत डोळा अधू व्हायची सुरुवात उजेडापासून झाली. आई ब्लाउज शिवते. आधी सुईत दोरा माझ्याकडून ओवून घ्यायला लागली, मग मी बोलताना मला दंडाला धरून ट्यूबलाइटखाली उभी करायला लागली. पुढे पुढे मी घरात गडद, बिनफुलांचे कुर्ते घालायला लागले, म्हणजे त्यावर हात उठून दिसावेत. शेवटी शेवटी तर मी बोलत असताना ती माझी मनगटंच धरायची आणि हात कुठे चाललेत ते चाचपून बघायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी मोठ्या मोठ्या खुणा करायचे, आणि ती चिडायची, की ओरडतेस कशाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या दिवशी तीच हातांनी ओरडत होती. येणारे जाणारे थांबून बघत होते. तिने हवेत शाळा उभी केली, शाळेत बाक ठेवला, बाकावर एवढीशी मुलगी बसवली, आणि मग मनगटं एकावर एक ठेवली. पुढचं तिने सांगितलं नाही. मला ते माहीत होतं. दुसऱ्या गावातल्या वसतिगृहाच्या शाळेत तिला घातलं होतं. तिथल्या बाईंची समजूत अशी, की हात मोकळे राहिले तर मुलं तोंडाने बोलायला शिकत नाहीत. म्हणून ओढणीने हात बाकाला बांधायचे आणि ओठांकडे बघायला लावायचं. त्या शाळेत आई तीन-चार शब्द बोलायला शिकली आणि बाहेर पडल्यावर त्यातला एकही तिने पुन्हा उच्चारला नाही. तिचा आवाज मी ऐकते तो खोकताना आणि रडताना. आपण ज्याला हात बांधणं म्हणतो ते तिच्या लेखी तोंडात बोळा कोंबणं होतं.

मी चितेगावच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात अर्धी पोरं "नगं" म्हणणारी आणि अर्धी दखनीत "नक्को" म्हणणारी, त्यामुळे शब्दांची देवाणघेवाण आपोआप होते. वाक्य शिकवायला मी दरवर्षी एक शेळी आणि एक बिबट्या घेते. बिबट्याने शेळी खाल्ली. शेळी खाल्ली बिबट्याने. खाल्ली शेळी बिबट्याने. शब्द कसेही फिरवा, मराठीत शेळी काही वाचत नाही. इंग्रजीच्या तासाला हीच पोरं जागा बदलतात आणि शेळी बिबट्याला खाऊन मोकळी होते. मग ती माझ्याकडे तक्रार घेऊन येतात, की बाई, तिकडं असं का चालत नाय.

आईच्या भाषेबद्दल मी वर्गात कधी बोलत नाही, पण तिथे आणखी वेगळंच चालतं. तिथे आधी जागा मांडायची. शेळी इथे, बिबट्या तिथे. एकदा दोघांना हवेत बसवलं की एकच झेप पुरते, आणि ती झेप, तो बिबट्या, त्याची भूक हे सगळं एकाच हातात एकदम येतं. झालेलं सगळं खांद्यामागे, होणारं सगळं पुढ्यात. प्रश्न अगदी शेवटी आणि तोही भुवयांत. "कदाचित" हा शब्दच नाही, तो ओठांच्या कोपऱ्यात असतो. त्यामुळे डॉक्टरांनी "गुंतागुंत होऊ शकते" असं म्हटलं, की मला सगळं ऑपरेशन मांडून, मध्ये चुकवून, वाढवून दाखवावं लागतं. उलट त्यांनी दोन मिनिटं पथ्यं सांगितली, की माझा एक हात फिरतो आणि काम होतं. डॉक्टरांना संशय यायचा. एकदा म्हणाले, मी एवढं बोललो, तुम्ही एवढंच सांगितलंत? आणि एकदा नुसतं "जळजळतं का" विचारलं, तेव्हा मी बराच वेळ हात हलवत होते. तेव्हा म्हणाले, मॅडम, तुम्ही त्यांच्याशी वेगळंच काही बोलताय का?

आमच्या घरात नावं नसतात, खुणा असतात. वडीलही आईसारखेच होते. चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचे. त्यांची खूण म्हणजे कपाळावरून हात खाली ओढायचा, वेल्डिंगची काळी काच ओढतात तसा. आईची खूण डोळ्यावर बोट. माझी खूण कानाची पाळी ओढायची. मी रांगत असताना एकदा कुकरची वाफ उडाली आणि पाठमोरी असलेली मी दचकून वळले. हिला ऐकू येतं, हे त्यांना तेव्हा कळलं. दोघंही रडले म्हणे, कशासाठी ते दोघांनीही मला कधी नीट सांगितलं नाही. तेव्हापासून मी कानवाली.

माझ्या लहानपणी लोडशेडिंग फार. दिवे गेले की आमच्या घरातली माणसं मुकी व्हायची. मेणबत्ती नसेल तर आम्ही तिघं एकाच गादीवर बसायचो आणि एकमेकांच्या अंगावर बोलायचो. तळहातावर, पाठीवर, दंडावर. तिथे हवा नाही, चेहरा नाही, भुवया नाहीत, म्हणून एकामागून एक शब्द ठेवावा लागायचा, आणि बोलायच्या आधी आपलं नाव सांगावं लागायचं. वडील माझ्या कपाळावरून हात ओढायचे आणि मग बोलायचे. मी आईचा कान ओढायचे आणि मग बोलायचे. न सांगता कुणी हात लावला, की आई अंग चोरायची. हे सगळं मी विसरले नव्हते. पण ज्या दिवशी उपयोगाला यायला हवं त्या दिवशी ते माझ्या डोक्यात नव्हतं.

व्हरांड्यातून मी आईला घरी नेलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. न बोलायची तिची पद्धत साधी आहे, ती डोळा मिटून घेते. एकदा मिटला की मग तुम्ही कितीही हात हलवा.

गंगापूरची मावशी आईची सख्खी बहीण. तिला ऐकू येतं. तिचा फोन आला आणि तिने सरळ उपाय सांगितला. "तिला म्हण, बांधत नाय म्हणून. एकदा डोळा झाकला की तिला काय कळतंय? मंग बांधू दे त्यान्ला. लई हट्टी हाय ती. तिचं ऐकत बसशील तर डोळा जाईल."

मी फोन ठेवून दिला. राग मावशीचा आला त्याहून जास्त माझा मला आला, कारण तिने सांगायच्या आधीच तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. खोटं बोलणं इतकं सोपं होतं. डॉक्टरांचं बोलणं आईला फक्त माझ्या हातांतून कळत होतं, पडताळा घ्यायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. म्हणूनच मला ते जमण्यासारखं नव्हतं. एकदा का माझे हात खोटे ठरले असते, तर डोळा राहूनही तिने तो माझ्यासमोर मिटूनच घेतला असता.

मी एकटी डॉक्टरांकडे गेले. पूर्ण भूल द्या म्हटलं. आईला दमा आहे, हृदयही थकलंय, भूलतज्ज्ञांनी साफ नाही म्हटलं होतं. थांबू या का म्हटलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला, त्यांची ती सवय आहे, आणि म्हणाले की आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. हात का बांधायचे तेही त्यांनी समजावलं. माणूस घाबरतं, हात आपोआप चेहऱ्याकडे जातो, आत हत्यार असतं. ते चुकीचं काहीच बोलत नव्हते आणि त्यामुळे मला भांडताही येईना.

शेवटी मी विचारलं, मी आत बसून तिचे हात धरले तर? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "चालेल. पण एकदा जरी हात वर आले तर मी बांधणार. तुमचं काही ऐकणार नाही."

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. तिने विचार केला आणि हो म्हटलं.

मग आमची तयारी सुरू झाली. ऑपरेशनच्या वेळी तिला काहीच दिसणार नव्हतं, तेव्हा बोलायचं ते हातावर आणि तेही कमीत कमी. डॉक्टरांनी त्यांना लागणारे शब्द सांगितले. हातावर दोनदा टिचकी म्हणजे हलू नकोस. बोटावरून लांब रेघ म्हणजे श्वास घे. तळहातात गोल म्हणजे ठीक चाललंय. हातावर हात झाकला की संपलं. आई पलंगावर आडवी व्हायची, मी तिच्या तोंडावर ओढणी टाकायचे, आणि शेजारी बसून हे शब्द फिरवून फिरवून द्यायचे. ती चुकायची नाही, पण गप्पही बसायची नाही. ओढणीखालून तिचं काहीतरी चालूच. पंखा कमी कर. दूध उतू जाईल. मी रागावून दोनदा टिचकी मारायचे.

एकदा तिने ओढणी फेकून दिली आणि उठून बसली. म्हणाली, हे सगळे तुमचे शब्द. माझा कुठे आहे?

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि लाज वाटली. डॉक्टर, मी, आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्याशी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. तीही काही बोलेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी विचारलं, कुठला शब्द हवा? तिने माझा तळहात ओढला आणि त्यात अंगठ्याचं नख रुतवलं. थांबा. एवढा एकच मागितला. मी तो डॉक्टरांना कळवला. त्यांना तो फारसा आवडला नाही, पण त्यांनी मान डोलावली.

ऑपरेशनच्या सकाळी आई शांत होती. दारावर तीच सिस्टर होती, हनुवटीखाली स्कार्फला चमकती पिन लावणारी. आईने तिला पहिल्या भेटीतच "पिन" ही खूण देऊन टाकली होती, आणि डॉक्टरांना "कपाळावरचा चष्मा". सिस्टर आईला अम्मा म्हणायची आणि मला टीचर. डोळ्यापुरती भूल द्यायचं इंजेक्शन बाहेरच्या खोलीत दिलं. त्या वेळी मी समोर होते. सुई टोचताना आई माझ्या हातांकडेच बघत होती. इंजेक्शन झाल्यावर मी सांगायला लागले, की मी बाहेर जाते, कपडे बदलते आणि तुझ्याआधी आत येऊन बसते. मी बाहेर दाखवलं, जाणं दाखवलं, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तिची पापणी मिटवून वर कापूस दाबला. परत येण्याचा भाग माझ्या हातातच राहिला. तिच्यापर्यंत गेलं ते एवढंच, की मी बाहेर जाते.

मी कपडे कसे बदलले ते मला आठवत नाही. हिरवा गाऊन, टोपी, मास्क, आणि कुणीतरी हातमोजे पुढे केले तेही मी चढवले. आतलं दार उघडलं तर ठोके मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक भराभर चालली होती. आई टेबलावर होती, तोंडावर हिरवं कापड, त्यात डोळ्यापुरतं भोक. आणि तिचे दोन्ही हात पांढऱ्या पट्टीने टेबलाच्या कडांना बांधलेले होते.

तिची बोटं हलत होती. मनगटं अडकलेली असताना जेवढी हलतील तेवढी. ती काय म्हणत होती ते मला वाचता येत नव्हतं, अर्धे शब्द पट्टीखाली राहत होते. कापडाखालून तिचा आवाज येत होता, तोच, जो मी फक्त खोकताना आणि रडताना ऐकला आहे.

"सोडा ते," मी म्हटलं. मी ओरडले नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सिस्टर दचकली. तिला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण रोज पेशंट टेबलावर आला की ती हात बांधते आणि त्या दिवशीही तिच्या हातांनी ते करून टाकलं होतं. "आदत में बंध गए टीचर, माफ करो," असं म्हणत ती घाईघाईने गाठी सोडायला लागली. गाठी सुटल्या आणि आईचे हात उडाले. डॉक्टरांनी ते हवेतच धरले. ते म्हणाले, अशा स्थितीत मी सुरू करणार नाही, तुम्ही त्यांना शांत करा, नाहीतर आजचं रद्द. भुलीचा अंमल फार वेळ टिकणार नव्हता. पुन्हा कधी, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आई पुन्हा त्या दाराच्या आत पाऊल ठेवणार नव्हती.

मी स्टुलावर बसले, तिचा उजवा हात घेतला आणि दोनदा टिचकी मारली. हलू नकोस. तिने हात हिसकावला. मी पुन्हा धरला, बोटावरून रेघ ओढली. श्वास घे. तिने माझा हात झटकून टाकला, तोच हात वर, चेहऱ्याकडे निघाला आणि डॉक्टरांनी तो अडवला. "बांधा," ते म्हणाले. सिस्टर पट्टी हातात घेऊन उभी राहिली, पण पुढे आली नाही. मी तळहातात गोल काढायला लागले आणि आईने मूठ वळून घेतली. आम्ही ठरवलेले सगळे शब्द मी बोलत होते, आणि त्यातला एकही तिला माझा वाटत नव्हता.

तेव्हा मला माझ्या हातातला मोजा दिसला.

घरी ओढणीखाली सराव करताना आम्ही दोघीच होतो. मी कोण हे तिला सांगायची वेळच आली नव्हती. इथे तिला चारही बाजूंनी हात लागत होते, सगळे रबराचे, सगळे सारखे, आणि त्यातल्याच दोन हातांनी तिला बांधलं होतं. अंधारात आधी नाव सांगायचं असतं. हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण मला माहीत होतं, आणि तरीही मी आमच्या तयारीत तो एक शब्द ठेवला नव्हता. वाक्यातले बाकीचे शब्द कुठेही ठेवले तरी चालतात, असं मी पोरांना शिकवते. या एकाला जागा बदलता येत नाही.

मी मोजा काढला. "टीचर, मोजा," सिस्टर म्हणाली. डॉक्टर म्हणाले, राहू दे, मॅडम डोळ्यापासून लांब आहेत. आईचा कान कापडाखाली होता, तिथे मला हात लावता येणार नव्हता. म्हणून मी तिची वळलेली मूठ दोन्ही हातांनी उचलली, माझ्या टोपीखाली नेली आणि तिची बोटं एकेक करून उघडून माझ्या कानाच्या पाळीवर ठेवली.

ती थांबली. बोटांनी पाळी चाचपली, तिथलं बारीक कर्णफूल चाचपलं. मग पाळी ओढली. जोरात, मला दुखेल एवढी. आणि तिचा सगळा देह सैल पडला. यंत्राची टिकटिक हळूहळू खाली आली. मी तिचा हात खाली आणून माझ्या हातात घेतला आणि दोनदा टिचकी मारली. तिने बोट सरळ केलं. कळलं.

"सुरू करतो," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी फक्त तिच्या हाताकडे बघत होते. डोळ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पाणी सोडल्याचा आवाज, यंत्राची घरघर, डॉक्टरांचं सिस्टरला हळू आवाजात काहीबाही मागणं. मी मधूनमधून तळहातात गोल काढत होते. ते खरं आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून दर वेळी आधी डॉक्टरांना विचारत होते. एकदा त्यांनी उत्तर दिलं नाही, तेव्हा मी गोल काढला नाही. आईने वाट पाहिली. तिची बोटं माझ्या हातात ताठ झाली. मग डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आणि मी गोल काढला.

आणि मग अंगठ्याचं नख माझ्या तळहातात रुतलं.

"डॉक्टर, थांबा."

"आत्ता?" त्यांच्या आवाजात वैताग होता.

"आत्ता."

त्यांनी हत्यार बाहेर घेतलं. ते पुरतं बाहेर आलं असेल नसेल तेवढ्यात आईला खोकला आला. दम्याचा, आतून उसळणारा, टेबल हलवणारा खोकला. तो बराच वेळ चालला. हत्यार आत असताना तो आला असता तर काय झालं असतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आपला तो एक शब्द तिने मागून घेतला नसता तर, हे फक्त मला. खोकला थांबला, तिने बोट सरळ केलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलं. आता ते मला न विचारता मधूनमधून सांगत होते, ठीक आहे, ठीक आहे.

शेवटी मी तिच्या हातावर हात झाकला. संपलं. तिने तो हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोळ्यावर पट्टी राहणार होती आणि दिसेल की नाही हे डॉक्टर तोवर सांगायला तयार नव्हते. दुपारी ते खोलीत आले. मी त्यांना सांगितलं, हात लावायच्या आधी नाव सांगावं लागेल. त्यांनी विचारलं, माझं नाव काय ठेवलंय? मी सांगितलं. ते हसले, आईचा हात उचलून आपल्या कपाळावरच्या चष्म्यावर ठेवला, आणि मगच नाडी बघितली.

थोड्या वेळाने सिस्टर आली. तिनेही, कुणी न सांगता, आईचा हात हनुवटीखालच्या पिनेवर नेला. आईने हात मागे घेतला. सिस्टर तशीच वाकून उभी राहिली. मग आईने चाचपडत तिची दोन्ही मनगटं शोधली, एकावर एक ठेवली आणि आपल्या मुठींत आवळून धरली. मी मध्ये पडणार होते. सिस्टरने मानेनेच मला नको म्हटलं. तिने हात सोडवून घेतले नाहीत, आणि हळूहळू तिचे डोळे भरून आले. मग आईने पकड सोडली आणि तिच्या हातावर थोपटलं.

मी काही सांगायच्या आधीच सिस्टर म्हणाली, "अम्मा क्या बोले, समझ गई मैं. तुम मत बताओ."

सकाळी पट्टी काढली. आईने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी येत होतं. ती खिडकीकडे बघत राहिली, मग भिंतीकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी हातांनी विचारलं, दिसतंय का. पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी तिच्यापुढे बोटं धरली. किती आहेत, विचारा, म्हणाले.

आईने त्यांच्या बोटांकडे बघितलंच नाही. मान वळवून ती माझ्याकडे बघायला लागली. बघत राहिली. मग तिने हात उचलला आणि स्वतःच्या कानाची पाळी ओढली. मग तो हात माझ्या डोक्याकडे केला, केसांवरून फिरवल्यासारखा, आणि पांढरं दाखवलं. हात खांद्यामागे नेला, मागे गेलेल्या सगळ्या दिवसांकडे, आणि शेवटी भुवया उंचावून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. कानवाली, तुझे केस पिकले. कधी?

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

माझा हात केसांवर गेला.

"दिसतंय म्हणतात," मी सांगितलं.